थालीपिठं तशीच परत आली: आईबरोबर अकरा दिवस व्हिएतनाम

निळीशाई

मंडळी, मार्चमध्ये मी आणि आई व्हिएतनामला जाऊन आलो. हनोई, तिथून रेल्वेने हुए, मग दा नांग आणि होई आन, शेवटी हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगाव. आईचं वय ६८, आणि तिने जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी घरात दिवाळीसारखा घाट घातला होता. दशम्या, थालीपिठं, मेतकूट, गूळपापडी, लिंबाचं गोड लोणचं. बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त.

हनोईत उतरलो तर बारीक पाऊस. मार्चमध्ये तिथे तो दिवसदिवस चालतो, भिजवत नाही आणि थांबतही नाही. पहिले दोन दिवस आम्ही खोलीतच डबे उघडून जेवलो. खिडकीखाली रस्त्यावर माणसं बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून वाफाळतं काहीतरी खात होती आणि आम्ही वरून बघत होतो.

तिसऱ्या दिवशी होआन किएम तळ्याला फेरी मारून जुन्या गल्ल्यांतून येताना आई एकदम थांबली. एका बाईने टोपलीत हिरव्या पोकळ देठांच्या जुड्या मांडल्या होत्या. आई म्हणाली, "अगं, ही नाळीची भाजी!" आईचं माहेर वसईचं. लहानपणी ही भाजी तिने खूप खाल्लेली, लग्नानंतर पुण्यात ती कुठे मिळाली नाही. तिकडे हिला राउ मुआंग म्हणतात आणि लसणावर परतून घरोघरी खातात.

मी फोनमध्ये लिहून ठेवलेलं वाक्य दाखवलं: शाकाहारी आहोत, नुओक माम म्हणजे माशाचं पाणी घालू नका. बाईने वाचलं, मान डोलावली, आणि आईचा हात धरून तिला थेट कढईपाशी नेलं. तेल, लसूण, मीठ, भाजी, एकेक दाखवून मगच टाकलं. आईचे गुडघे दुखतात हे तिला न सांगता कळलं असावं, कारण तिने दोन स्टुलं एकात एक घालून उंच केली आणि त्यावर आईला बसवलं. भात, ती भाजी आणि टोमॅटोच्या रसातलं टोफू. आईने भात दोनदा मागून घेतला. त्यानंतर थालीपिठाचा डबा उघडला गेला नाही. तो तसाच पुण्यात परत आला.

तेव्हापासून मनात घोळतंय ते विचारते. परदेशात गेल्यावर रोज संध्याकाळी आपलंच जेवण शोधण्यात आपण काय गमावतो? माझं मत स्पष्ट आहे: आपलं खाणं बरोबर असावं, पण पहिल्या दिवशी उघडू नये. तुमचा अनुभव काय? आणि त्या जेवणाला तुमच्याबरोबर कोण होतं, तेही लिहा.

सह्यकडा

वाचतोय. दोन स्टुलं एकात एक घातली, हे वाचून त्या बाईला नमस्कार करावासा वाटला.

घाटावरचा

निळीशाई, लिहिलंय छान, पण मत पटलं नाही.

माझ्या सासऱ्यांनी ७४व्या वर्षी पहिला पासपोर्ट काढला. सांगली जिल्ह्यातले शेतकरी. आयुष्यभर पंढरपूर, तुळजापूर, एकदा काशी, बाहेर फिरणं एवढंच. ते ग्रुप टूरला तयार झाले ते एकाच आश्वासनावर: रात्री साडेसातला आपल्या चवीचा गरम भात आणि आमटी मिळेल. ते आश्वासन नसतं तर त्यांनी उत्तरेकडचं 'हा लाँग' आखात कधीच पाहिलं नसतं. बोटीच्या वरच्या मजल्यावर ते दोन तास एका जागी उभे होते. पाण्यातून सरळ वर आलेले शेकडो डोंगर, माथ्यावर झाडी, मधून धुकं. खाली आल्यावर म्हणाले, "आपला सह्याद्री गळ्यापर्यंत बुडाला तर असाच दिसंल."

तुमच्या आईला नाळीची भाजी ओळखीची निघाली. सगळ्यांनाच अशी भाजी भेटते असं नाही. ज्यांचं पोट आणि मन दोन्ही साठ-सत्तर वर्षं एका चवीवर पोसलंय, त्यांना आपलं जेवण हा आधार असतो. त्या आधारावर उभं राहूनच ते बाहेर बघतात.

शिलालेख

घाटावरचा, सासऱ्यांची उपमा फार आवडली. एक भर: सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला. हा लाँगचे डोंगर चुनखडीचे. पाण्याने लाखो वर्षं विरघळवत त्यांचे असे सुळके झाले, म्हणूनच त्यांच्या पोटात गुहा आहेत. जागतिक वारसा यादीत १९९४ पासून आहे ते आखात.

घाटावरचा

धन्यवाद. सासऱ्यांना सांगतो. त्यांना दगडमातीतलं फार कळतं, खूश होतील.

तिरफळ

मी मालवणची, त्यामुळे मला तिथे काहीच वर्ज्य नव्हतं. दहा दिवस पोटभर खाल्लं आणि एका गोष्टीने थक्क झाले. ते लोक आमच्या किती जवळचे आहेत!

बान सेओ घ्या. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, पातळ भिजवायचं, तापलेल्या तव्यावर ओतायचं. 'सेओ' हा तव्यावर पीठ पडल्याचा आवाज, आपलं 'चर्र'. हे घावनच की! आत कोळंबी, डुकराचं मांस आणि मुगाचे मोड घालून दुमडतात. मग तुकडा तोडून लेट्यूसच्या पानात पुदिना-तुळशीसारख्या पाल्याबरोबर गुंडाळायचा आणि आंबटगोड पाण्यात बुडवून खायचा. दक्षिणेत बान खोत मिळतं. त्याचं भांडं पाहून मी हसलेच, खळगे असलेलं बिडाचं आप्पेपात्र! वुंग ताउला समुद्रकाठी एका आजींनी मला त्यात पीठ घालायला दिलं. मी सवयीने काडीने कडा सोडवून ते उचललं, तर त्यांनी शेजारणीला हाक मारून दाखवलं की बघा, हिला येतं.

ज्या माशाच्या पाण्याला शाकाहारी घाबरतात ते फू क्वोक बेटावर कसं करतात ते पाहिलं. मांदेलीच्या जातकुळीतला बारीक मासा आणि मीठ, लाकडाच्या माणसापेक्षा उंच पिंपांत वर्षभर मुरवतात. खालच्या तोटीतून तांबूस पाणी येतं. वास उग्र, पण चव सुक्या मासळीच्या कालवणासारखी खोल. आमच्याकडे खारवलेला मासा आजीने असाच जपून ठेवलेला असायचा.

तर निळीशाई, माझं उत्तर: गमावतो, पुष्कळ गमावतो. पण घाटावरच्यांचं म्हणणंही खोटं नाही. मी तिशीची आहे आणि माझ्या पोटाने समुद्र पाहिलाय.

पथ्यपाणी

शाकाहारी मंडळींसाठी एक कामाची गोष्ट. तिथे शाकाहाराला 'चाय' म्हणतात. पाटीवर 'कॉम चाय' दिसलं की शाकाहारी भात-जेवणाचं ठिकाण. ही परंपरा बौद्ध आहे, त्यामुळे कडक चाय जेवणात कांदा-लसूणही नसतो. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्यांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. सामान्य लोकही चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, चाय पाळतात. त्या दिवशी बाजारात शाकाहारी पदार्थ जास्त दिसतात. पंचांग पाहून प्रवास आखा, फायदा होतो.

एकच सावधगिरी. चाय हॉटेलात टोफू आणि पिठापासून हुबेहूब कोळंबी, कोंबडी, मासा बनवतात. माझ्या काकूंनी ताट परत पाठवलं होतं. मालकिणीने आत नेऊन पीठ दाखवलं तेव्हा जेवल्या.

मला स्वतःला मधुमेह आहे. भात आणि कन्डेन्स्ड दुधाची कॉफी यांवर हात राखावा लागतो. बरोबर भाजलेले चणे आणि ज्वारीच्या लाह्या नेतो. ते काही चवीसाठी नाही, औषधासारखं आहे.

फटफटी

म्हणजे तिथे 'चाय' मागितला की जेवण येतं! मग चहा हवा असेल तर?

मुक्काम_सायगाव

चहाला 'चा' म्हणायचं. आमच्या कोल्हापूरचा पाहुणा आला होता, त्याला हा एकच शब्द शिकवावा लागला नाही.

कामानिमित्त चार वर्षं सायगावात राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या भाषेत 'मी' आणि 'तू' असे सरळ शब्द रोजच्या बोलण्यात फारसे वापरत नाहीत. नातं लावावं लागतं. समोरची थोडी मोठी असेल तर 'चि', म्हणजे ताई. मोठा असेल तर 'आन', दादा. लहान असेल तर 'एम'. आत्याच्या वयाची 'को', आजीच्या वयाची 'बा'. म्हणून पहिल्या भेटीत वय विचारतात. युरोपियन सहकाऱ्यांना ते खटकतं. मला मात्र पहिल्याच आठवड्यात घरच्यासारखं वाटलं, कारण आपणही भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला दादा म्हणतो. हॉटेलात वाढणाऱ्या मुलीला 'एम ओय' अशी हाक मारतात. त्यातला 'ओय' आपल्या 'अगं'सारखा.

कॉफीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून! ब्राझीलनंतर जगात सर्वांत जास्त कॉफी या देशात पिकते, आणि बहुतेक रोबस्टा. ती कडू आणि जोरकस. ॲल्युमिनियमची छोटी चाळणी, 'फिन', पेल्यावर ठेवतात, थेंब थेंब उतरते, खाली कन्डेन्स्ड दूध. पाच-सात मिनिटं लागतात आणि घाई करता येत नाही. तेवढ्यात शेजारचा माणूस बोलायला लागतो. माझी इथली निम्मी ओळख फिनमधून थेंब पडायची वाट बघताना झाली.

हनोईची अंड्याची कॉफीही प्रसिद्ध आहे. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या गुयेन वान जांग यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून दुधाच्या जागी वापरला. निळीशाईंच्या आईंना ती चालणार नाही, पण नारळाच्या दुधाची कॉफी चालेल.

निळीशाई

चालली! हनोईतच प्यायली. आई म्हणाली, "सोलकढीला कॉफीचा वास आलाय." आणि तरी पेला संपवला.

फटफटी

हनोईचा रस्ता ओलांडण्याबद्दल लिहितो, कारण मला तिथे अभिमान वाटला. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही, सिग्नल असला तरी पुरता थांबत नाही. आमच्या गटातले सगळे फुटपाथवर अडकले. मी पुण्यात लक्ष्मी रोडवर वाढलो. हात किंचित खाली, चाल एकसारखी, मध्येच धावायचं नाही, मागे फिरायचं नाही. लोंढा आपोआप दोन्ही बाजूंनी वाहत जातो. पलीकडे पोचलो तर चहाच्या टपरीवरचे आजोबा टाळ्या वाजवत होते. परत येऊन एका डच जोडप्याला हात धरून नेलं. त्या आजोबांनी आम्हा तिघांना चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. हनोईत हे माझं सर्वांत आवडतं ठिकाण, आणि त्याला नावही नाही.

उंबरठा

मी फार कमी लिहिते, पण 'बरोबर कोण होतं' या प्रश्नामुळे लिहावंसं वाटलं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एकटीच गेले होते. आईला जाऊन पाच महिने झाले होते. घरात बसवत नव्हतं. ३० ऑगस्टला मी हुएमध्ये होते. आपल्याकडे त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती, सकाळी भावाचा राखीचा फोन आला. तिथे त्यांच्या सातव्या महिन्याची पौर्णिमा, वू लान. पितरांचा आणि आईवडिलांचा दिवस.

परफ्यूम नदीच्या काठावर थिएन मू पॅगोडा आहे, १६०१ साली स्थापन झालेला, त्यातला सात मजली मनोरा १८४४ चा. त्याच्या आवारात एक जुनी निळी ऑस्टिन गाडी ठेवली आहे. १९६३ मध्ये थिक क्वांग दुक या भिक्षूंनी सरकारच्या बौद्धविरोधी धोरणाच्या निषेधार्थ सायगावच्या चौकात स्वतःला जाळून घेतलं, तेव्हा ते त्या गाडीतून गेले होते. ते पाहून मी सुन्न होऊन बाहेर आले आणि परतीच्या वाटेवर एका लहान देवळात शिरले.

दाराशी मुली टोपल्या घेऊन उभ्या होत्या, एकीत लाल गुलाब, दुसरीत पांढरे. त्यातल्या एकीने मोडक्या इंग्रजीत विचारलं, आई आहे? मी मान हलवली. तिने लाल फूल खाली ठेवलं, पांढरं उचललं आणि माझ्या ओढणीला टाचलं. आत सगळे बसले होते. बघितलं तर कुणाच्या छातीवर लाल, कुणाच्या पांढरं. पंचाहत्तरीच्या एका आजींच्या छातीवर पांढरं फूल होतं. त्यांनी माझं फूल पाहिलं, सरकून जागा केली आणि माझ्या हातावर हात ठेवला. एक शब्द नाही.

नंतर सगळ्यांना जेवण होतं. भात, फणसाची भाजी, मशरूमचं पाणीदार सूप. कच्च्या फणसाची भाजी माझी आई करायची. मी पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

निळीशाई, तुझ्याबरोबर आई होती. पुन्हा जा तिला घेऊन.

तिरफळ

उंबरठा, काय लिहू.

निळीशाई

उंबरठाताई, हे मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तिला म्हणावं पुण्यात आलीस की घरी ये. फणसाची भाजी करते."

कुडाळदेशी

उंबरठा यांच्या पोस्टनंतर काही लिहिणं जड जातंय, पण लिहितो.

हनोईत तळ्याजवळच्या नाट्यगृहात पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ पाहिला. माझं गाव पिंगुळीपासून जवळ. आमच्याकडच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे उत्सुकता होती. रंगमंच म्हणजे पाण्याचा हौद. कलाकार मागे बांबूच्या पडद्याआड कंबरभर पाण्यात उभे राहतात आणि पाण्याखालच्या लांब काठ्यांनी बाहुल्या चालवतात. भात लावणारी बाई, म्हैस, बदकांमागे लागलेला कोल्हा, आगीच्या फवाऱ्यांसह नाचणारे ड्रॅगन. लाल नदीच्या खोऱ्यात भातशेतं पाण्याने भरायची, तिथेच शेतकऱ्यांनी हा खेळ सुरू केला.

शेवटी पडदा वर गेला आणि कलाकार ओलेचिंब बाहेर आले, आणि मला आमचे बाहुलीवाले आठवले. तिथे एका दिवसात अनेक खेळ होतात आणि सगळे भरलेले. पिंगुळीत खेळ ठरवायचा तर आधी फोन करून जावं लागतं. तुम्ही कोकणात जाता तेव्हा मालवणला मासे खाता, ठीक, पण वाटेत कुडाळला तासभर थांबा. कळकळीने सांगतो.

शिलालेख

कुडाळदेशी, नक्की थांबेन.

'मी सॉन' या ठिकाणी मुद्दाम गेलो होतो. होई आनपासून तासाभरावर, डोंगरांच्या वाटीत चंपा राज्याची शिवमंदिरं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराची स्थापना केली. राजाच्या नावात ईश्वर जोडून शिवाचं नाव ठेवायची ही रीत. पुढे तेराव्या शतकापर्यंत इथे बांधकाम होत राहिलं. संस्कृत शिलालेख आहेत. तांबड्या विटांच्या भिंतीत चुना दिसतच नाही. वीट विटेला कशी चिकटवली यावर अभ्यासक अजून चर्चा करतात. १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात सर्वांत भव्य मंदिर गेलं. खड्डे आजही तिथेच आहेत, त्यात गवत उगवलंय. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे काही मंदिरसमूहांची डागडुजी केली आणि त्या कामात मे २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं.

माझ्याबरोबर पंचविशीतला वाटाड्या होता. लिंगापाशी मी चप्पल काढून हात जोडले. त्याने विचारलं, याची पूजा तुमच्याकडे अजून होते? मी म्हटलं, रोज, माझ्या घरी, आई अभिषेक करते. तो गप्प झाला. मग फोनवर मी त्याला आमच्या देवघराचा फोटो दाखवला. तो बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिला. चंपाचे वारस असलेले चाम लोक तिकडे दक्षिणेला फान रांगच्या बाजूला आजही आहेत, आणि त्यांच्यातले काही आजही जुन्या देवळांत पूजा करतात, हे मग त्याने मला सांगितलं.

सह्यकडा

तो व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर आहे ना, शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं असा? कुणी तिथे विचारलं का?

शिलालेख

विचारलं. वाटाड्याने नाव ऐकलेलं नव्हतं. त्या मजकुराला आधार देणारं एकही कागदपत्र माझ्या पाहण्यात नाही, म्हणून मी तो पुढे पाठवत नाही आणि इतरांनीही पाठवू नये असं मला वाटतं. महाराजांना उसन्या गोष्टींची गरज नाही. मी त्याला राजगड, प्रतापगड, गनिमी कावा हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे ले लॉय होते, पंधराव्या शतकात मिंग चिन्यांविरुद्ध दहा वर्षं डोंगरातून लढले. हनोईच्या होआन किएम तळ्यातल्या कासवाला तलवार परत दिली अशी दंतकथा आहे, ते हेच. दोन तास आम्ही डोंगरातल्या लढाया एकमेकांना सांगत बसलो.

घाटावरचा

लढाईवरून कू ची आठवलं. अमेरिकेविरुद्धच्या युद्धातली सायगावजवळची भुयारं, सुमारे अडीचशे किलोमीटरचं जाळं. सासरे आत गेले नाहीत, मी गेलो. वाकून, मग रांगत, घाम आणि काळोख. बाहेर आलो तर छपराखाली सगळ्यांना उकडलेला टॅपिओका देत होते. लढणारे लोक तेव्हा तेच खाऊन राहायचे. बरोबर भाजलेल्या दाण्यांचं कूट, मीठ, साखर.

त्या दिवशी एकादशी होती. सासरे सकाळपासून केळ्यावर होते. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, याच कंदाचा साबुदाणा होतो. त्यांनी तुकडा उचलला, कुटात बुडवला, तोंडात टाकला. मग दुसरा. मग वाढणाऱ्या बाईंना खुणेने सांगितलं, आमच्याकडे देवासाठी उपास करताना हेच खातात. दुभाष्याने ते त्यांना सांगितलं. बाईंनी अजून एक ताटली भरून आणली आणि समोर बसून राहिल्या. त्यांचे वडील त्या भुयारात होते.

सगळ्या टूरमध्ये सासऱ्यांनी तिथलं म्हणून खाल्लेलं हे एवढंच. घरी आल्यावर मात्र आमटी-भाताचं नाव कुणी घेतलं नाही. सगळ्यांना ते त्या बाईंबद्दल सांगत होते.

निळीशाई, मी वाद घालायला आलो होतो, आणि लिहिता लिहिता तुमच्याच बाजूचं उदाहरण सापडलं. तरीही म्हणतो, साडेसातच्या भाताशिवाय ते कू चीपर्यंत पोचलेच नसते.

चिंचेचं_बोटूक

नोटांबद्दल सावध करते. एका रुपयाला साधारण ३०० डोंग, त्यामुळे सगळे लखपती. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर, दोन्हींवर हो ची मिन्ह. होई आनमध्ये उसाचा रस प्यायले, त्यात ते छोटं लिंबासारखं फळ पिळतात, फार सुंदर लागतं. वीस हजार समजून पाच लाख दिले आणि निघाले. जपानी पुलापर्यंत पोचले तेव्हा मागून हाका. रसवाली मुलगी गाडा सोडून पळत आली होती. तिने नोट परत दिली, माझ्या पाकिटातून स्वतः वीस हजारांची काढली आणि त्यावरचं चित्र दाखवलं. मग समोर बोट. नोटेवर तोच जपानी पूल, ज्याच्यासमोर आम्ही उभ्या होतो. आता जन्मात विसरणार नाही कुठली नोट कुठली.

सह्यकडा

मूळ प्रश्नाकडे येतो. माझा अनुभव कडू आहे. ग्रुप टूरने गेलो होतो, कंपनीचं नाव घेत नाही. हनोईतलं साहित्यमंदिर, १०७० सालचं, वाण मियू. दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा, त्यांवर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पंडितांची नावं कोरलेली. मुलं परीक्षेआधी तिथे नमस्काराला येतात. मी शिक्षक आहे. मला तिथे दिवसभर बसायचं होतं. आम्हाला पंचवीस मिनिटं दिली, कारण सात वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाला पनीर आणि गुलाबजाम ठरले होते. त्याच टोकाला जाताना तासभर वाहतुकीत अडकलो. बसमधून कासवं आठवत बसलो.

जेवण आपलं असावं की त्यांचं, हा प्रश्न मला त्यामुळे दुय्यम वाटतो. जेवणासाठी दिवस कापला जाऊ नये, एवढंच.

पथ्यपाणी

सह्यकडा, हे शंभर टक्के. टूर ठरवताना विचारा: दुपारचं जेवण बांधून देता का, संध्याकाळ मोकळी ठेवता का. काही जण देतात.

निळीशाई

सगळ्यांची उत्तरं आईला वाचून दाखवली. घाटावरच्यांच्या सासऱ्यांचं ऐकून ती म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे, मलापण आधी भीतीच होती." माझं मत मी थोडं बदलते. भीती कमी करायला डबा हवाच.

आणि डब्याचं अजून एक सांगायचं राहिलं. हनोई ते हुए रात्रभराचा प्रवास, चार बर्थचा डबा. समोर एक आजी आणि त्यांची नात. मुक्काम_सायगाव यांनी लिहिलंय तसंच झालं, आजींनी आधी बोटांनी वय विचारलं. आई ६८, त्या ७१. ठरलं, आई 'एम', धाकटी बहीण. त्यानंतर सगळा ताबा त्यांच्याकडे! डब्याच्या टोकाच्या नळावरून गरम पाणी त्यांनीच आणलं, पांघरूण त्यांनीच घातलं. पपनस सोलून एकेक पाकळी साफ करून मिरची-मिठात बुडवून आईच्या हातात दिली. आई मराठीत बोलत होती, त्या त्यांच्या भाषेत. विषय सुना, गुडघे आणि नातवंडं, हे मला दोन्हीकडून कळत होतं.

आईने गूळपापडीचा डबा उघडला. आजींनी खाल्ली, डोळे मिटले आणि नातीला उठवून तिला दिली. हुएला आम्ही उतरलो तेव्हा डबा रिकामा होता आणि त्यात आजींनी तीळ लावलेला शेंगदाण्याचा वडी-पापड भरून दिला होता. पुढच्या वर्षी आई पुन्हा म्हणतेय. यादी आत्ताच केली आहे: थालीपिठं नाहीत, गूळपापडी दुप्पट.

तिरफळ, आईचा निरोप: बान सेओ शाकाहारी करायचंय, प्रमाण लिही.

तिरफळ

लिहिते. एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धा चमचा हळद, चवीपुरतं मीठ, पाऊण वाटी नारळाचं पातळ दूध, आणि घावनाइतकं सैल होईल एवढं पाणी. वरून बारीक चिरलेली कांद्याची पात. अर्धा तास ठेवायचं. सारणाला मोड आलेले मूग चालतील, पण लांब मोड आणायचे, आणि मशरूम परतून. तवा धूर येईपर्यंत तापवायचा, तेल सढळ, ओतल्यावर लगेच तवा फिरवायचा. झाकण एक मिनिट, मग काढून कड कुरकुरीत होऊ द्यायची. उलटायचं नाही, दुमडायचं.

बुडवायला माशाच्या पाण्याऐवजी लिंबू, गूळ, मीठ, ठेचलेली मिरची आणि गरम पाणी. पुदिना भरपूर.

निळीशाई

आईने विचारलंय, बिडाचा तवा चालेल का?

तिरफळ

बिडाचाच घे. आवाज त्यातूनच येतो.